शिकायला गेले, कामाला लागले

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑगस्ट उजाडला, की आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवर रात्री-अपरात्री एक ठरलेलं चित्र दिसतं. वजन करकरून भरलेल्या दोन बॅगा, त्यात कुकर, मसाल्याच्या पुड्या, भाजणीचं पीठ. बाजूला हसण्याचा प्रयत्न करणारे आई-वडील आणि शिकायला परदेशी निघालेला मुलगा किंवा मुलगी. या घरांत आधीच्या वर्षभरात दोन हिशेब झालेले असतात. एक बँकेच्या कर्जाचा. तो कागदावर असतो, त्यावर सह्या असतात. दुसरा हिशेब तोंडी असतो : ‘फीचं आपण बघू. तिकडचा राहण्या-जेवणाचा खर्च काहीतरी काम करून सुटेलच की!’ आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या हिशेबाविषयी. कारण तो आपल्याला वाटतो तेवढा नवा नाही. त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात मोठमोठी माणसं भांडी घासताना, द्राक्षं खुडताना, भट्टीसमोर घाम गाळताना भेटतात.

सुरुवात आपल्या घरापासून करू. गरीब मुलानं शिकायचं कसं, याची महाराष्ट्रात एक जुनी रीत होती. माधुकरी मागायची किंवा वार लावून जेवायचं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. पुण्यात अशा रीतीनं शिकलेल्यांच्या कितीतरी आठवणी छापून आलेल्या आहेत. त्या कष्टांविषयी आदर ठेवूनही दोन गोष्टी सांगायला हव्यात. ही सोय जातीच्या चौकटीतली होती. चौकटीबाहेरच्या मुलाला वार कोण देणार? आणि दुसरं म्हणजे, या रीतीत विद्यार्थी दुसऱ्याच्या उपकारावर जगत होता, स्वतःच्या मजुरीवर नव्हे. शिकणाऱ्यानं हातानं काम करून पैसे मिळवायचे, ही कल्पना त्यात बसत नव्हती. शिक्षण आणि अंगमेहनत ही दोन वेगळ्या माणसांची कामं होती.

परदेशी शिक्षणाला तर पैसा वरूनच यावा लागे. घरची श्रीमंती, संस्थानिकाचा आश्रय किंवा एखादा निधी. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी सुरू केला. बडोद्याच्या सयाजीरावांनी अनेकांना पाठवलं. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड. पुढे १९२० मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले तेव्हा शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, यांच्या आधारावर त्यांनी पोटाला चिमटा काढून दिवस काढले. आधी कमवायचं, साठवायचं आणि मग जायचं, असा हा मार्ग. इंग्लंडात दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या किंवा बॅरिस्टरीच्या विद्यार्थ्यानं संध्याकाळी खानावळीत ताटं उचलावीत, हे तिथल्या रिवाजात बसणारं नव्हतं.

अमेरिकेत मात्र हे चालत होतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शेतकऱ्यांची, कारागिरांची मुलं शिकत. ती स्वतःच भोजनगृहात वाढप्याचं काम करत, बर्फ उपसत, सुटीत शेतावर राबत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ही बातमी आशियात सर्वांत आधी पोचली ती जपानमध्ये. १८८०च्या दशकापासून सॅन फ्रान्सिस्कोत जपानी विद्यार्थ्यांचा एक वर्गच तयार झाला. अमेरिकन कुटुंबात राहायचं, सकाळी न्याहारी करायची, भांडी विसळायची, दिवसा शाळेत जायचं, संध्याकाळी परतून पुन्हा चूल सांभाळायची. मोबदला म्हणजे राहणं, जेवण आणि आठवड्याला दीडेक डॉलर. या मुलांना ‘स्कूलबॉय’ म्हणत आणि हा शब्द जपानी भाषेतही शिरला. पुढे कवी म्हणून नाव झालेले योने नोगुची असेच घरकाम करत होते. जपानी कामगार चळवळीचे अध्वर्यू सेन कातायामा १८८४ मध्ये अमेरिकेत आले आणि स्वयंपाक्यापासून पडेल ते काम करत ग्रिनेल आणि येलपर्यंत शिकले. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. आज गल्लोगल्ली परदेशी शिक्षणाचे सल्लागार दिसतात; त्यांचे हे मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की कातायामांनी सांगितलेलं सगळं स्वतः भोगलेलं होतं.

आपली मुलं या वाटेनं निघाली ती वंगभंगाच्या आसपास, १९०५-०६ पासून. स्वदेशीचे दिवस होते. कारखाने काढायला, शेती सुधारायला शास्त्र हवं आणि ते इंग्रजाकडून घ्यायचं नाही, ही भावना होती. काही जपानला गेले, तिथून काही पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्यांत आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. खिशात पैसे नाहीत, घरून येण्याची आशा नाही. हॉटेलात भांडी घासणं, शेतावर मजुरी करणं, असं करत ते आधी कॅलिफोर्नियात, मग ऑरेगनमधल्या कॉर्व्हालिसच्या आणि वॉशिंग्टनमधल्या पुलमनच्या कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. हेच खानखोजे पुढे गदर चळवळीत उतरले आणि नंतर मेक्सिकोत शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी केलेलं काम तिथं नावाजलं गेलं. दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र मराठीत आणलं नसतं, तर आपल्यातल्या बहुतेकांना हे नावही ठाऊक झालं नसतं.

या मुलांनी एकमेकांसाठी माहिती लिहून ठेवली. ओरिसातले सारंगधर दास बर्कलेला शिकत होते. त्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात पॅसिफिक किनाऱ्यावर येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लेख लिहिला. त्या काळच्या अशा लेखनाचा सूर मला फार आवडतो. त्यात स्वप्नं विकलेली नाहीत. व्यावहारिक माहिती आहे आणि येणाऱ्यानं कामाची लाज सोडून यावं, ही अपेक्षा आहे. भारतातून गेलेल्या पदवीधराला ही लाज सोडणं सोपं नव्हतं. ज्याच्या घरी पाण्याचा पेला कोणीतरी हातात आणून देत असे, तो आता परक्यांची उष्टी ताटं धूत होता. जात बुडण्याचा प्रश्न समुद्र ओलांडतानाच मिटला होता. आता अभिमानाचा प्रश्न होता.

याच किनाऱ्यावर आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. पंजाबातून आलेले शीख शेतमजूर तिथं लाकूड गिरण्यांत, रेल्वेवर, शेतांवर राबत होते. त्यांतले ज्वाला सिंग स्टॉकटनजवळ बटाट्याची शेती करून चांगले सधन झाले. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९१२ मध्ये गुरू गोविंदसिंगांच्या नावानं शिष्यवृत्त्या ठेवल्या. धर्म-जात न पाहता भारतातून विद्यार्थी निवडायचे आणि बर्कलेला शिकवायचे. त्या शिष्यवृत्तीवर आलेले गोविंद बिहारी लाल पुढे पत्रकार झाले आणि १९३७ मध्ये विज्ञानविषयक वार्तांकनासाठी त्यांना सहकाऱ्यांसह पुलित्झर पारितोषिक मिळालं. शिकलेल्यांनी अशिक्षितांवर उपकार केल्याच्या कथा आपण नेहमी ऐकतो. इथं मजुरांनी, शेतकऱ्यांनी घामाच्या पैशातून विद्यार्थ्यांना शिकवलं.

मजूर आणि विद्यार्थी असे एकाच शेतात, एकाच पंगतीत आले, याचे परिणाम राजकीयही झाले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर चळवळीचं बळ या संगमात होतं. बर्कलेला शिकायला आलेला कर्तारसिंग सराभा फळं खुडण्याचं काम करत होता. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेत गेला होता. दोघंही शिक्षण टाकून परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ या दिवशी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे कायदा. परदेशी विद्यार्थी काम करू लागला, की सरकारला एक प्रश्न पडतो : हा विद्यार्थी आहे की मजूर? अमेरिकेत हा प्रश्न प्रथम चिनी मुलांच्या बाबतीत उभा राहिला. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना बंदी झाली. विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी यांना सूट होती. मग एखादा चिनी विद्यार्थी धुलाईच्या दुकानात किंवा खानावळीत काम करताना सापडला तर? तो मजूर ठरे आणि देशाबाहेर काढला जाण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर येई. म्हणजे गरीब अमेरिकन मुलाला जे काम भूषण होतं, तेच काम चिनी मुलाला गुन्हा ठरू शके. १९१७ मध्ये अमेरिकेनं भारतासह आशियाच्या मोठ्या भागातल्या मजुरांना दार बंद केलं. त्यातही विद्यार्थ्यांना सूट राहिली. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला. ज्यांच्या खटल्यात हा निकाल लागला ते भगतसिंग थिंद हेही शिकायला म्हणूनच आले होते, ऑरेगनच्या लाकूड गिरणीत राबले होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले होते.

अशा काळात, ऑक्टोबर १९२२ मध्ये, बिहारचा वीस वर्षांचा एक तरुण सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. त्याचं नाव जयप्रकाश नारायण. असहकाराच्या लाटेत त्यानं पाटण्याचं कॉलेज सोडलं होतं, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत शिकायचं नाही असं ठरवलं होतं. बर्कलेचं सत्र सुरू व्हायला अवकाश होता आणि हातात पैसे बेताचे. तेव्हा तो मेरीजव्हिलच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यात कामाला लागला. तिथल्या टोळीचा मुकादम शेरखान नावाचा पठाण होता. टोळीत पंजाबी, पठाण, हिंदू, मुसलमान, शीख सगळे. दिवसभर काम आणि रात्री एकत्र जेवण. भारतात असते तर ही माणसं कदाचित एका पंगतीला कधीच बसली नसती.

पुढची सात वर्षं जयप्रकाशांनी अमेरिकेत अशीच काढली. बर्कलेची फी वाढली म्हणून कमी फीच्या आयोवाला गेले. तिथून शिकागो, विस्कॉन्सिन आणि शेवटी ओहायो. मधल्या काळात कारखान्यात काम केलं, उपाहारगृहात ताटं धुतली, दारोदार फिरून सौंदर्यप्रसाधनं विकली. एकदा आजारानं इतके खिळले, की महिनोन्‌महिने अंथरुणावर काढावे लागले, अंगावर कर्ज झालं. तरी ते शिकले. विज्ञानाकडून समाजशास्त्राकडे वळले, विस्कॉन्सिनमध्ये मार्क्सवादाची ओळख झाली, ओहायोत एम.ए.चा प्रबंध लिहिला आणि १९२९ च्या अखेरीस मायदेशी परतले. १९७०च्या दशकात आपण ज्या जयप्रकाशांना ऐकलं, त्यांची मजुरांविषयीची आस्था पुस्तकातून आलेली नव्हती. ते त्या रांगेत उभे राहिले होते.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, की परदेशात राबणं हे चारित्र्य घडवणारं मोठं विद्यापीठच आहे. थोडं थांबू. इतिहासात जे मोठे झाले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून आणखी एक उदाहरण पाहू. तिथं हा प्रयोग हजारोंच्या संख्येच्या जवळ गेला आणि कोसळला.

पहिलं महायुद्ध संपल्यावर चीनमध्ये ‘कष्टानं काम, काटकसरीनं शिक्षण’ अशी चळवळ सुरू झाली. तिचा एक प्रवर्तक ली शिझेंग. त्यानं त्याआधी पॅरिसजवळ सोयाबीनपासून पनीरसारखा पदार्थ करण्याचा कारखाना काढला होता आणि तिथल्या चिनी कामगारांना तो शिकवतही असे. कल्पना साधी होती. युद्धात फ्रान्सची तरुण पिढी मारली गेली आहे, कारखान्यांना माणसं हवीत. चिनी मुलांनी जावं, काही दिवस कारखान्यात काम करून पैसे साठवावेत आणि मग शिकावं. १९१९ ते १९२१ या काळात सुमारे १६०० विद्यार्थी असे फ्रान्सला गेले. पण १९२० च्या अखेरीस तिथं मंदी आली. युद्धावरून परतलेल्या फ्रेंच सैनिकांनाच काम मिळेना, मग भाषा न येणाऱ्या चिनी पोरांना कोण देणार? विद्यार्थी तंबूत राहू लागले, भत्त्यावर जगू लागले. सप्टेंबर १९२१ मध्ये काही जण लिआँ शहरातल्या नव्या फ्रेंच-चिनी संस्थेत प्रवेशाची मागणी करत घुसले. शंभराहून अधिक जणांना फ्रान्स सरकारनं जहाजात घालून परत पाठवलं. त्या परत पाठवलेल्यांत चेन यी होते, जे पुढे चीनचे परराष्ट्रमंत्री झाले.

या १६०० जणांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. ऑक्टोबर १९२० मध्ये तो मार्सेलला उतरला, बायो गावच्या शाळेत काही महिने बसला आणि पैसे संपले. एप्रिल १९२१ मध्ये तो ल क्रूझोच्या पोलाद कारखान्यात लागला. काम इतकं जड आणि पगार इतका तोकडा, की काही आठवड्यांतच त्यानं ते सोडलं. मग रबराच्या कारखान्यात रबरी जोडे बनवले, शेवटी पॅरिसजवळ रेनो मोटारींच्या कारखान्यात. पाच वर्षं तो फ्रान्समध्ये होता आणि त्यात प्रत्यक्ष शाळेत घालवलेला काळ जेमतेम काही महिन्यांचा. त्याचं नाव देंग शियाओपिंग. तो चीनचा सर्वोच्च नेता झाला हे खरं. पण ज्या शिक्षणासाठी बापानं पैसे घालून पाठवलं होतं, ते शिक्षण त्याला मिळालंच नाही. काम शिक्षणाला पोसण्याऐवजी शिक्षण खाऊन बसलं. आणि त्याच्यासारखे जे शेकडो होते, ते काही नेते झाले नाहीत.

मला या साऱ्या इतिहासातला धडा इथं दिसतो. कामाची लाज नसावी, हा पहिला धडा झाला. पण काम मिळणं, न मिळणं हे विद्यार्थ्याच्या मेहनतीवर फारसं ठरत नाही. ते त्या देशाच्या बाजारावर ठरतं. बाजार तेजीत असला, की विद्यार्थी हवासा होतो; मंदी आली, की तोच नकोसा.

दुसऱ्या महायुद्धानंतर नियम अधिक नेटके झाले. अमेरिकेत १९५२ च्या कायद्यानं विद्यार्थ्यांसाठी ‘एफ-१’ हा वेगळा व्हिसा आला. आज तिथं सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात २० तासांची मर्यादा आहे. जपानमध्ये २८ तास. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस. पण नियम नेटके झाले म्हणून जुना प्रश्न सुटला नाही. करोनाच्या साथीनंतर ऑस्ट्रेलियात कामगारांची टंचाई झाली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये विद्यार्थ्यांवरची तासांची मर्यादा उठवली गेली. जुलै २०२३ मध्ये ती पंधरवड्याला ४८ तास म्हणून परत आली. कॅनडानं नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ पर्यंत आवाराबाहेरच्या कामाची मर्यादा शिथिल केली आणि मग नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास ठरवले. याच काळात अभ्यासाची गरज बदलली होती काय? नाही. बदलली होती ती दुकानांची, गोदामांची, वृद्धाश्रमांची गरज. विद्यार्थी की मजूर, या प्रश्नाचं उत्तर १८८२ प्रमाणे आजही बाजार पाहून दिलं जातं.

आणि मर्यादेची एक काळी बाजूही आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकान-साखळीचं प्रकरण पत्रकारांनी बाहेर काढलं. अनेक दुकानांत परदेशी विद्यार्थ्यांना, त्यांत भारतीय मोठ्या संख्येनं, ठरलेल्या किमान वेतनाच्या निम्मंच दिलं जात होतं. चाळीस तास राबवायचं आणि वीस तासांचा पगार द्यायचा. तक्रार करायची सोय नव्हती. कारण तक्रार केली, की मालक म्हणणार, ‘तू मर्यादेपेक्षा जास्त काम केलंस, तुझाच व्हिसा जाईल.’ विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठी केलेला नियम त्याच्याच गळ्याला लागला. पुढे चौकशी झाली आणि कंपनीला १५ कोटी डॉलरहून अधिक थकीत वेतन परत द्यावं लागलं. शंभर वर्षांपूर्वी चिनी विद्यार्थ्याला जी भीती होती, तीच ही भीती. फक्त दुकान बदललं.

मी अनेक वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. माझे काही विद्यार्थी आज परदेशी शिकताहेत, अधूनमधून फोन करतात. त्यांतली एक मुलगी इंग्लंडमध्ये एका गोदामात रात्रपाळी करते. घरी सांगते, ‘लायब्ररीत होते, म्हणून फोन लागला नाही.’ मी विचारलं, ‘खरं का सांगत नाहीस?’ ती म्हणाली, ‘सर, पाय दुखतात त्याचं काही नाही. पण आईला कळलं तर ती म्हणेल, ह्याच्यासाठी का शेत गहाण टाकलं?’ या एका वाक्यात आपल्या समाजाची सगळी अडचण आहे. आपल्याला परदेशातली पदवी हवी, पण तिच्या वाटेतली मजुरी शेजाऱ्यांना दिसायला नको. मुलगा ‘पार्ट-टाइम जॉब’ करतो असं आपण सांगतो. तो पेट्रोल पंपावर उभा असतो हे सांगत नाही. इंग्रजी शब्दानं लाज झाकली जाते, तशी पिळवणूकही झाकली जाते. जे घरी सांगता येत नाही, त्याबद्दल मदतही मागता येत नाही.

खरं तर या बाबतीत महाराष्ट्राला कोणाकडून शिकायची गरज नव्हती. चिनी मुलं फ्रान्सला निघाली त्याच वर्षी, १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, स्वतः दळली, रांधली, शेतात राबली आणि शिकली. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे त्यांचं ब्रीद होतं. ‘कमवा आणि शिका’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांवर तिथूनच आला. माधुकरीच्या रीतीत जे नव्हतं ते इथं होतं : सगळ्यांना दार उघडं आणि खाल्लेल्या घासावर स्वतःचा हक्क. शिवाय एक गोष्ट भाऊरावांनी पक्की धरली होती. ‘कमवा’ हे ‘शिका’साठी होतं. काम संस्थेच्या हातात होतं, त्यामुळं किती काम आणि किती अभ्यास हे ठरवणारा माणूस विद्यार्थ्याचा हितचिंतक होता. परदेशात हे ठरवणारा असतो दुकानाचा व्यवस्थापक आणि त्याला परीक्षेची तारीख ठाऊक असण्याचं कारण नसतं.

म्हणून परदेशी निघालेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आई-वडिलांना, इतिहासाचा एक शिक्षक म्हणून मी दोन-तीन गोष्टी सुचवतो. पहिल्या वर्षाची फी आणि निदान पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय निघू नये. काम मिळेल या भरवशावर फीचा हिशेब मांडू नये. देंगच्या बापानं तोच मांडला होता. त्या देशाचा तासांचा नियम आणि किमान वेतनाचा दर, हे दोन आकडे तोंडपाठ असावेत. ज्याला आपला हक्क ठाऊक नाही त्याला कोणीही फसवतं. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय असतं, विद्यार्थी संघटना असते, त्यांचं दार पहिल्याच आठवड्यात ठोठावून ठेवावं. सारंगधर दासांनी मागून येणाऱ्यांसाठी जसं लिहून ठेवलं, तसं प्रत्येकानं आपल्या मागच्यांना खरं सांगावं, उजळ बाजूही आणि काळीही.

आणि आई-वडिलांना एवढंच सांगेन. मुलाचा फोन आला, की ‘अभ्यास कसा चाललाय?’ हे जरूर विचारा. त्याच्या जोडीला ‘काम काय करतोस? किती तास करतोस? पगार वेळेवर मिळतो का? जेवतोस का?’ हेही मोकळेपणानं विचारा. खानखोज्यांनी भांडी घासली, जयप्रकाशांनी द्राक्षं खुडली. त्यांना ते सांगताना कधी लाज वाटली नाही. तुमच्या मुलीलाही ती वाटू नये, याची सोय घरातूनच व्हायला हवी. ज्या घरात कामाचं खरं बोलता येतं, त्या घरातल्या मुलाला तिकडं कोणी सहज पिळून घेऊ शकत नाही.